सी-सहा, एच-शून्य: तीनशे पोरांच्या कॉलेजचा १९२१ चा हंगाम

केंटकीकर (धागाकर्ता)

मंडळी, लुईव्हिलला येऊन सहा वर्षं झाली. मागच्या शनिवारी मित्राच्या लेकीला कॉलेज बघायचं होतं म्हणून तिघे डॅनव्हिलला गेलो. गाडीने दीडेक तास. गाव आपल्या वाईसारखं निवांत, आणि गावातच सेंटर कॉलेज, १८१९ सालचं. हिंडत हिंडत जुन्या पोस्टाच्या इमारतीपाशी आलो तर विटांच्या भिंतीवर रंगवलेलं दिसलं: सी सहा, एच शून्य. मी बारावीला रसायनशास्त्रात काठावर पास झालेला माणूस. म्हटलं बेंझिनचं काहीतरी असेल, हायड्रोजन लिहायचे राहिलेत. लेक हसायला लागली. "काका, हा स्कोअर आहे. सेंटर सहा, हार्वर्ड शून्य."

ती अमेरिकन फुटबॉलची मॅच २९ ऑक्टोबर १९२१ ची. आठवडाभर रात्री जागून त्या हंगामाच्या मागे लागलोय. बायको म्हणते, एवढा अभ्यास ग्रीन कार्डाच्या कागदांचा केला असतास तर बरं झालं असतं.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेल्यांची चेंगराचेंगरी वाटते (मलाही पहिली दोन वर्षं वाटायची) त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू घेऊन समोरची शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, ६ गुण. मग एक किक, ती बसली तर आणखी १. समोर अकरा जण पकडीला टपलेले. चढाईच समजा, फक्त चढाई करणाऱ्याचे दहा साथीदार पुढे घुसून पकड करणाऱ्यांना लोळवतात. आज चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे वेगळे असतात. तेव्हा मनाला येईल तसं आत-बाहेर करता येत नसे, त्यामुळे बहुतेक तेच अकरा जण दोन्हीकडे मार खायचे. हेल्मेटची सक्ती नव्हती. सेंटरचा रेड रॉबर्ट्स तर डोक्याला नुसतं फडकं बांधून उतरायचा.

आता हार्वर्ड. १९१९ आणि १९२० हे दोन्ही हंगाम न हरता काढलेले. १ जानेवारी १९२० ला रोझ बोल या मानाच्या सामन्यात ओरेगनला ७-६ ने हरवून आलेले. आणि सेंटर? सगळी विद्यार्थिसंख्या तीनशेच्या आत.

पहिली गाठ १९२० च्या ऑक्टोबरात पडली. मध्यंतराला १४-१४! नंतर मात्र हार्वर्डच्या ताज्या दमाच्या पोरांनी चेचून काढलं, ३१-१४. सामना संपल्यावर हार्वर्डचा कप्तान आर्नल्ड होरवीन सेंटरच्या बो मॅकमिलिनला सामन्याचा चेंडू आठवण म्हणून द्यायला गेला. बोने घेतला नाही. पुढच्या वर्षी येऊन जिंकूनच नेतो, असं सांगून निघाला म्हणे.

आणि पुढच्या वर्षी आले. चाळीस हजारांहून जास्त प्रेक्षक. पूर्वार्ध कोरा. चारपैकी तिसरा डाव सुरू होऊन थोडाच वेळ झालेला. बो चेंडू घेऊन उजवीकडे सुटला. हार्वर्डची अख्खी फळी तिकडे सरकली. रॉबर्ट्सने वाटेतले साफ केले, बोने एकदम पाय रोवून डावीकडे अंग फिरवलं आणि ३२ यार्ड पळत रेघ ओलांडली. वरची किक हुकली. म्हणून सहा. उरलेला वेळ हार्वर्ड धडका मारत राहिलं आणि हे अकरा जण रेटून उभे राहिले. शेजारच्या एमआयटीची पोरं खास सेंटरच्या बाजूने ओरडायला आली होती, त्यांनी सामना संपल्यावर गोलचे खांब उपटले. केंटकीचे गव्हर्नर एडविन मॉरो हजर होते. या घडीला गव्हर्नर असण्यापेक्षा बो मॅकमिलिन असणं बरं, असं ते म्हणाल्याचं सांगतात.

पण हे सगळे सांगतात. मला हंगाम सांगायचाय, कारण भिंतीवर एक सामना आहे आणि त्या पोरांनी अकरा खेळले.

क्लेमसन १४-०. व्हर्जिनिया पॉलिटेक्निक १४-०. सेंट झेवियर २८-६. हे सहा गुण लक्षात ठेवा. ट्रान्सिल्व्हेनिया ९८-०. मग हार्वर्ड. पुढे केंटकी विद्यापीठ ५५-०, ऑबर्न २१-०, वॉशिंग्टन अँड ली २५-०, टुलेन २१-०. नियमित हंगाम इथे संपला. बेरीज केलीत तर २८२ विरुद्ध ६. म्हणजे नऊ सामन्यांत एका सेंट झेवियरला सोडून कुणालाही रेघ ओलांडू दिली नाही.

हार्वर्ड मारून आल्यावर माणूस सैल पडतो. रणजीत मुंबईला हरवलेल्या संघाचं पुढच्या सामन्यात काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. इथे पुढच्या चार सामन्यांत शून्य गुण दिले. मला भिंतीवरच्या सहापेक्षा हे जड वाटतं.

नाताळात आगगाडीने देश ओलांडून सॅन दिएगोला गेले, २६ डिसेंबरला ॲरिझोनाला ३८-० ने धुतलं. तिथून टेक्सास. २ जानेवारी १९२२, डॅलस, समोर टेक्सास एअँडएम विद्यापीठ. हरले. २२-१४.

त्या हरण्याची गोष्ट मोठी आहे. जेवून येतो.

रसायनबाई

धागा वाचतेय. पण आधी एक हरकत नोंदवते. हायड्रोजन शून्यच असेल तर एच लिहायचाच कशाला? पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतेय, कुणी पेपरात असं लिहिलं तर अर्धा गुण कापते.

केंटकीकर

बाई, तीच तर गंमत आहे. याला तिथे 'अशक्य सूत्र' असंच म्हणतात. जिंकल्याच्या आनंदात पोरांनी गावभर रंगवत सुटताना केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं नसावं.

नाडीपरीक्षा

डॅनव्हिल, केंटकी म्हणजे मॅकडॉवेलचं गाव ना? आम्हाला सर्जरीच्या पहिल्याच व्याख्यानात सांगितलेलं. १८०९, नाताळचा दिवस, इफ्रेम मॅकडॉवेलने जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाईच्या पोटातून दहा किलोच्या वरची बीजकोशाची गाठ काढली. भूल नावाचा प्रकार तेव्हा अस्तित्वात नव्हता. बाई घोड्यावरून आल्या होत्या, आणि पुढे बरीच वर्षं जगल्या. फुटबॉल राहू दे, त्या घराचा फोटो टाक.

केंटकीकर

डॉक्टर, तेच गाव. घर जपून ठेवलंय, संग्रहालय आहे. फोटो काढला नाही, कारण दारातच भूक लागली.

आगाऊ_कार्टा

ट्रान्सिल्व्हेनिया ९८-०??? ड्रॅक्युलाचे लोक एवढे अशक्त? दिवसा खेळवलं असणार.

केंटकीकर

कार्ट्या, ट्रान्सिल्व्हेनिया लेक्सिंग्टनमध्ये आहे, डॅनव्हिलहून ५०-५५ किलोमीटर, आणि १७८० सालचं. ड्रॅक्युला नंतरचा. (दिवसा खेळवलं हे मात्र खरं. फ्लडलाइट कुठले तेव्हा.)

उपडा_नांगर

रंगाचा बेरंग करतो, माफी असावी. "तीनशे पोरांचं कॉलेज" हे ऐकायला छान आहे, पण ही पोरं कुठली होती ते कुणी सांगत नाही.

बो मॅकमिलिन टेक्सासचा, फोर्ट वर्थच्या नॉर्थ साइड हायस्कूलचा. तिथला फुटबॉलचा कोच रॉबर्ट मायर्स, टोपणनाव 'चीफ', हा सेंटरचा माजी विद्यार्थी. १९१७ ला तो सेंटरला कोच म्हणून आला आणि आपली टेक्सासची पोरं सोबत घेऊन आला. बो आणि रेड वीव्हर या दोघांचे कॉलेज प्रवेशाला लागणारे विषय पुरे नव्हते, म्हणून त्यांना आधी वर्षभर केंटकीतच सॉमरसेटच्या हायस्कूलला बसवलं. मग कॉलेज. मध्ये युद्ध, बो नौदलात. बोचा जन्म जानेवारी १८९५ चा, म्हणजे हार्वर्डवर धावला तेव्हा गडी २६ पूर्ण. आणि १९२२ ला कॉलेज सोडलं तेव्हा पदवी हातात नव्हती.

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन कुस्तीला बीए भाग एकला चौथ्यांदा नाव घातलेला पैलवान असतो ना, मिशीवाला, ज्याला प्राचार्यसुद्धा "अहो" म्हणतात? तोच हा.

शिळोप्याची_राणी

नांगर, पैलवानाचं वर्णन वाचून आमच्या कॉलेजचा एक दादा डोळ्यांसमोर आला. लेक्चरला कधी दिसला नाही, गॅदरिंगला ढाल घ्यायला बरोबर यायचा.

केंटकीकर

जेवून आलो तर कोर्टात उभं केलंय.

नांगर, तुमचं सगळं मान्य. उलट भर घालतो. मायर्सला लवकरच उमगलं की आपल्या हाताखालची पोरं आपल्या आवाक्याबाहेरची आहेत. त्याच सुमारास चार्ली मोरान नावाचा गृहस्थ कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलाला भेटायला डॅनव्हिलला आला. मोरान जुना मुरलेला कोच. मायर्सने त्याला सराव बघायला नेलं, आणि थोडक्यात सांगायचं तर शिट्टी त्याच्या हातात दिली आणि स्वतः बाकीचं व्यवस्थापन धरलं. स्वतःहून बाजूला होणारा कोच मी तरी दुसरा ऐकलेला नाही. हा मोरान पुढे उन्हाळ्यात नॅशनल लीगच्या बेसबॉलचा अंपायर आणि थंडीत सेंटरचा कोच, अशा दोन नोकऱ्या करायचा.

तेव्हा संघ आयात केलेला होता, कबूल. पण समोर हार्वर्ड होतं हे विसरू नका. त्यांच्याकडे बाकावर दुसरा आख्खा संघ बसलेला असायचा. १९२० ला उत्तरार्धात १४-१४ चं ३१-१४ त्यामुळेच झालं.

आणि संघाचं नाव 'प्रेयिंग कर्नल्स' पडलं तेही मोरानच्याच काळात, सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत सगळे गुडघे टेकून प्रार्थना करायचे म्हणून. वर्तमानपत्रवाल्यांना आयतं कोलीत. चीफ, अंकल चार्ली, दोन लाल केसांचे रेड आणि प्रार्थना करणारे कर्नल. मी बातमीदार असतो तर मीही तेच छापलं असतं.

उपडा_नांगर

छापा की. माझा मुद्दा एवढाच की कॉलेज छोटं होतं, संघ छोटा नव्हता. आणि हार्वर्ड त्या दिवशी कितपत फॉर्मात होतं? आठवडाभर आधी पेन स्टेटशी २१-२१ बरोबरी. पुढच्या आठवड्यात प्रिन्स्टनकडून १०-३ ने हार. डोळा प्रिन्स्टनवर ठेवून खेळले असणार.

केंटकीकर

हे घ्या अर्धा गुण. रसायनबाईंनी कापलेला शिल्लक आहे.

नाडीपरीक्षा

पण नांगर, त्याच हार्वर्डने नंतर येलला हरवलं. अगदीच मरतुकडं नव्हतं.

कट्ट्यावरचा

इकडे आपल्याकडे त्या सुमारास काय चाललं होतं बघा. १९२० ची अँटवर्प ऑलिम्पिक. डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटांच्या खटपटीतून पोरं गेली. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वा आला, कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत चौथे. त्यांच्या गावात कुठल्या भिंतीवर काय रंगवलंय?

आगाऊ_कार्टा

कोल्हापुरात भिंतीवर जागा असती तर रंगवलं असतं. तिथे वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत.

कट्ट्यावरचा

दादा, हसू आलं आणि वाईटही वाटलं. चौगुल्यांवर वेगळा धागा काढतो, इथे भरकटवत नाही.

शिळोप्याची_राणी

ते हरण्याची गोष्ट मोठी आहे म्हणालात आणि जेवायला गेलात. दोन तास झाले. सांगा आता.

केंटकीकर

सांगतो.

२ जानेवारी १९२२. सकाळी फोर्ट वर्थमध्ये बो मॅकमिलिनचं लग्न. खोटं नाही. घरचं गाव, डॅलस तिथून पन्नासेक किलोमीटर, सामना दुपारी. बो लग्न लावून तसाच मैदानावर.

शिळोप्याची_राणी

लग्नाच्या दिवशी सामना ठेवला की सामन्याच्या दिवशी लग्न?

केंटकीकर

सामन्याच्या दिवशी लग्न. सगळा संघ आपल्या गावाजवळ आलाय, सोबती आयते हजर, मुहूर्त याहून चांगला कुठला. आपल्याकडे हळद लागल्यावर नवरदेवाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. इथे दुपारी अकरा जणांनी अंगावर घेतला.

आणि समोर टेक्सास एअँडएम. चार्ली मोरान १९०९ ते १९१४ त्यांचाच कोच होता! म्हणजे कोच आपल्या जुन्या घराविरुद्ध, नवरदेव सासुरवाडीच्या अंगणात, आणि संघ आगगाडीत हाडं खिळखिळी करून आलेला.

भोकरवाडीचा_मास्तर

इथे मला हात वर करायचाय. मी एमएस एअँडएमला केलं. आमच्याकडे हा सामना सेंटर हरलं म्हणून कुणाला माहीत नाही, 'बारावा माणूस' म्हणून शाळकरी पोरालाही माहीत आहे.

झालं असं की पूर्वार्धातच एअँडएमचे गडी एकामागून एक जायबंदी व्हायला लागले. कोच डॅना बायबलनी बाकाकडे पाहिलं, बाक रिकामा होत चाललेला. ई. किंग गिल म्हणून एक पोरगा होता, फुटबॉलच्या संघात आधी असलेला, पण आता बास्केटबॉलकडे गेलेला. तो साध्या कपड्यांत वर पत्रकारांच्या कक्षात बसून कोणता खेळाडू कोण ते बातमीदारांना सांगत होता. बायबलनी त्याला खाली बोलावलं. स्टँडच्या खाली जाऊन त्याने एका जखमी खेळाडूचे कपडे चढवले आणि सामना संपेपर्यंत मैदानाच्या कडेला उभा राहिला. बोलावलं तर उतरायचं म्हणून.

उतरावं लागलंच नाही. एक मिनिटही खेळला नाही. पण तेव्हापासून एअँडएमचे विद्यार्थी आख्खा सामना उभ्याने बघतात. बसायचं नाही. मी पहिल्या सामन्याला नवे बूट घालून गेलो होतो, साडेतीन तास उभा, आणि भोवती सगळे हातात हात घालून डुलतायत. मध्यंतराला गुपचूप पायरीवर टेकलो तर मागच्या पोरीने अशा नजरेने पाहिलं की जणू राष्ट्रगीताला बसलोय. स्टेडियमबाहेर गिलचा पुतळा आहे.

नाडीपरीक्षा

न खेळलेल्या माणसाचा पुतळा. हे फार आवडलं.

भोकरवाडीचा_मास्तर

आणि मोरानबद्दल एक राहिलं. १९११ च्या सामन्यानंतर टेक्सास विद्यापीठाने एअँडएमशी खेळणंच बंद केलं होतं. मोरानचा संघ धसमुसळा खेळतो ही मुख्य तक्रार. मोरान गेल्यावर १९१५ ला परत सुरू झालं. तेव्हा नांगर, तुमचे प्रार्थना करणारे कर्नल कुणाच्या तालमीत तयार झाले ते बघा.

उपडा_नांगर

माझे कशाला, केंटकीकरांचे. मी तर आधीपासून म्हणतोय!

केंटकीकर

मास्तर, गिलची गोष्ट वाचली होती, पण हे दोन धागे एकाच सामन्यात आहेत हे मला तीन रात्रींनंतर लक्षात आलं. डॅनव्हिलमध्ये त्या हारेचं नाव कुणी काढत नाही, आणि तुमच्याकडे भिंतीवरच्या सहाचं. एकच हंगाम, दोन गावांनी आपापला तुकडा कापून नेलाय.

आणि कपाळमोक्ष बघा. बो मॅकमिलिनचा सेंटरसाठीचा शेवटचा सामना तो. लग्नाच्या दिवशीची हार.

रसायनबाई

पुढे काय झालं त्याचं?

केंटकीकर

कोचिंग. आधी लुईझियानात सेंटेनरी कॉलेज, मग जिनीव्हा, मग कॅन्सस स्टेट, मग इंडियाना. इंडियानाला १९४५ मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद मिळवून दिलं. व्यावसायिक संघही सांभाळले, डेट्रॉइट लायन्स, शेवटी फिलाडेल्फिया ईगल्स. १९५२ ला गेला.

शिळोप्याची_राणी

आणि सेंटर कॉलेज? अजून खेळतात?

केंटकीकर

खेळतात, पण आता तिसऱ्या श्रेणीत, शिष्यवृत्तीशिवाय. हार्वर्डही १९२२ ला परत सेंटरशी खेळलं आणि २४-१० ने जिंकलं, ते कुणी रंगवत नाही. बाकी कॉलेजचं नाव अधूनमधून बातम्यांत येतं. २००० आणि २०१२ ला उपराष्ट्रपतिपदाचे वादविवाद तिथे झाले. आणि एक खुळचट प्रथा आवडली: फ्रेड व्हिन्सन नावाचे सेंटरचे माजी विद्यार्थी पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या मृत्यूनंतर कॉलेजातली मुलं त्यांची तसबीर उचलून सामन्याला नेतात. लाडाचं नाव 'डेड फ्रेड'.

आगाऊ_कार्टा

आमचे आजोबा गेल्यावर त्यांचा फोटो आम्ही भारत-पाक मॅचला टीव्हीसमोर ठेवतो. प्रथा जागतिक आहे.

उपडा_नांगर

केंटकीकर, बोच्या यादीत तुम्ही जिनीव्हा भर्रकन उडवलंत. तिथे थांबा की. मी बेरंग केला होता, आता रंगही मीच भरतो.

जिनीव्हा म्हणजे स्वित्झर्लंड नव्हे, पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सचं कॉलेज. हेही छोटं. १९२६ च्या ऑक्टोबरात हंगामाचा पहिला सामना, हार्वर्डच्या मैदानावर. जिनीव्हाचा कोच बो मॅकमिलिन. निकाल: जिनीव्हा १६, हार्वर्ड ७.

आणि हार्वर्डचा कोच कोण, माहितेय? त्याच वर्षी नव्याने नेमलेला आर्नल्ड होरवीन.

रसायनबाई

होरवीन म्हणजे तो चेंडू द्यायला गेलेला?

उपडा_नांगर

तोच.

शिळोप्याची_राणी

या वेळी चेंडू कुणी कुणाला दिला?

केंटकीकर

नांगर, दंडवत. हे माझ्या आठ रात्रींत सापडलं नव्हतं. पुढच्या महिन्यात परत डॅनव्हिलला जातोय, पोरीचा प्रवेश पक्का झाला. भिंतीचा फोटो टाकतो, आणि डॉक्टर, तुमच्या मॅकडॉवेलच्या घराचाही. या वेळी जेवून जाईन.